दोन कॅमेऱ्यांचे आयुष्य

इ. स. १९५४ मध्ये जर्मनीतील वेट्झलार या गावच्या एका कारखान्यात ‘लायका एम-३’ नावाचा कॅमेरा तयार होऊ लागला. त्यानंतर बावीस वर्षांनी, म्हणजे १९७६ मध्ये, जपानच्या कॅनॉन कंपनीने ‘एई-१’ हा कॅमेरा बाजारात आणला. दोघांचेही काम एकच. रुपेरी क्षारांचा लेप दिलेली, ३५ मिलिमीटर रुंदीची एक लवचिक पट्टी, म्हणजे फिल्म, दोघांच्याही पोटात बसते व तिच्यावर छायाचित्र उमटते. हे दोन्ही कॅमेरे आज म्हातारे झाले आहेत. तरीही जगात ठिकठिकाणी लोक त्यांनी छायाचित्रे घेत असतात. आता प्रश्न असा, की या दोन म्हाताऱ्यांपैकी आणखी पन्नास वर्षे कोणाला जगविता येईल? एई-१ वयाने लहान, तेव्हा तोच अधिक टिकेल असे कोणासही वाटेल. परंतु कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना विचाराल, तर ते बहुधा एम-३ कडे बोट दाखवितील. असे का, हे समजण्यासाठी आपणांस या दोघांची पोटे उघडून पाहिली पाहिजेत.

कॅमेरा म्हणजे मुळात एक काळोखी पेटी. तिच्या एका बाजूस भिंग व दुसऱ्या बाजूस फिल्म. या दोहोंमध्ये एक पडदा असतो. त्याला शटर म्हणतात. कळ दाबली की पडदा क्षणभर उघडतो, प्रकाश फिल्मवर पडतो आणि पडदा पुन्हा मिटतो. ‘क्षणभर’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण कॅमेऱ्याला तो मोजून वापरावा लागतो. भर उन्हात सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, सायंकाळी कदाचित तिसावा भाग लागेल. एम-३ मध्ये एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे अवधी निवडता येतात. हजारावा भाग! आपली पापणी लवण्यास याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. इतका सूक्ष्म काळ एक यंत्र कसा मोजते?

एम-३ मध्ये हे काम निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चाके करतात. त्यात सेल नाही, वीज नाही. रबराचा लेप दिलेल्या कापडाचे दोन पडदे एकामागून एक धावतात. पहिला पडदा सरकला की फिल्म उघडी पडते. दुसरा त्याच्या मागून येऊन ती झाकतो. दोघांच्या मध्ये जी फट राहते, ती फिल्मच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जाते. येथे थोडे गणित करून पाहू. चित्राची लांबी ३६ मिलिमीटर आहे आणि पडद्याला ती ओलांडण्यास सुमारे सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. म्हणजेच सेकंदाच्या हजाराव्या भागात पडदा सुमारे १.८ मिलिमीटर पुढे जातो. तेव्हा दोन पडद्यांमधील फट सुमारे १.८ मिलिमीटर ठेवली, की फिल्मच्या प्रत्येक ठिकाणाला बरोबर सेकंदाचा हजारावा भाग एवढाच प्रकाश मिळतो. फट रुंद केली की अवधी वाढतो. काळ मोजण्याचे काम अशा रीतीने अंतर मोजण्याचे काम होऊन बसते, आणि अंतर तर आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. मला ही युक्ती या सबंध यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अर्धा सेकंद, एक सेकंद असे लांब अवधी मात्र फटीने साधत नाहीत. त्यांसाठी दातेरी चाकांची एक लहानशी माळ असते. तिच्या शेवटच्या चाकाला एक छोटा आकडा अडवीत व सोडीत राहतो, त्यामुळे चाके सावकाश फिरतात आणि दुसरा पडदा थोपून धरला जातो. एक सेकंदाच्या अवधीला हा कॅमेरा ‘खर्रर्र’ असा बारीक आवाज करतो, तो या चाकांचा. किल्लीच्या घड्याळात टिकटिक करणारी रचना याच जातीची असते.

आता हे यंत्र बिघडते कसे ते पाहू. त्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जुने वंगण. तेल वर्षानुवर्षे सुकत जाते, चिकट होते. मग चाके अडखळतात आणि एक सेकंद दीड सेकंदाचा होतो. स्प्रिंगेचा जोर कमी होतो. कापडी पडद्याला टाचणीच्या अग्राएवढी छिद्रे पडतात. कॅमेऱ्याचे तोंड झाकण न लावता सूर्याकडे राहिले, तर भिंग आपला मूळ धर्म दाखविते आणि पडद्याला चक्क भोक पाडते! परंतु या सर्व आजारांत एक गोष्ट समान आहे. ते हळूहळू येतात आणि येताना सांगून येतात. आवाज बदलतो, तरफ जड लागते, चित्राच्या एका कडेला काळसरपणा येऊ लागतो. कारागीर वरचे झाकण काढतो आणि दोष त्याला दिसतो. चाके धुऊन, नवे तेल टिपकागदावर टिपावे इतक्या काटकसरीने घातले, स्प्रिंगेचा पीळ मळसूत्राने थोडा वाढविला, पडदा नवा चिकटविला, की कॅमेरा पुन्हा चालू लागतो. एखादे चाक मोडलेच, तरी दात मोजून आणि व्यास मापून तसेच दुसरे चाक लेथवर कातता येते. ते मूळ कारखान्यातूनच आले पाहिजे असे नाही.

मी ज्या शाळेत होतो, तेथे संमेलनाची छायाचित्रे घेण्यासाठी एक जुना जर्मन कॅमेरा होता. त्याचे शटर अडकून बसू लागले, तेव्हा तालुक्याच्या गावी कॅमेरे दुरुस्त करणारे कोणीच नव्हते. आम्ही तो एका घड्याळजीकडे नेला. त्याने जन्मात कॅमेरा उघडला नव्हता. डोळ्याला भिंग लावून तो पाच मिनिटे आत पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, हे तर आमचेच काम आहे.” चार दिवसांनी कॅमेरा चालू झाला. हा प्रसंग सांगण्याचे कारण इतकेच, की यांत्रिक वस्तू स्वतःची भाषा बोलत असते, आणि ती भाषा एका धंद्यातला माणूस दुसऱ्या धंद्यातल्या यंत्रातही वाचू शकतो.

विजेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्यातही पडदे असतात आणि त्यांना धावविणाऱ्या स्प्रिंगाही असतात. फरक पडतो तो काळ कोण मोजतो यात. १९६६ मध्ये निघालेला जपानचा ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ पाहा. त्यात प्रकाशाचा अंदाज घेणारा कॅडमियम सल्फाइडचा एक लहान तुकडा असतो. त्यावर प्रकाश पडला की त्यातून वीज अधिक सहजपणे वाहते. ही वीज ‘धारित्र’ नावाच्या भागात साठत जाते. दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र सोडीत असत, हे तुम्ही ऐकले असेल. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरे आणि २४ मिनिटांनी बुडे. ती बुडाली म्हणजे एक घटका झाली. धारित्र हे विजेचे घटिकापात्रच होय. प्रकाश जास्त असला की जणू छिद्र मोठे होते, वाटी लवकर भरते. प्रकाश कमी असला की ती सावकाश भरते. तोपर्यंत एक विद्युतचुंबक शटरच्या पात्यांना उघडे धरून ठेवतो. वाटी भरली की चुंबकाची वीज तुटते आणि पाती मिटतात. छायाचित्रकाराला काही मोजावे लागत नाही. कॅमेरा स्वतःच प्रकाश पाहून काळ ठरवितो.

कॅनॉनच्या एई-१ ने याच्याही पुढचे पाऊल टाकले. ज्याला आपण आज चिप म्हणतो, तसा गणना करणारा एक सूक्ष्म भाग त्यात बसविलेला होता. अशा प्रकारच्या कॅमेऱ्यांत तो पहिलाच. एका चिपने कितीतरी चाके, तरफा आणि दांडे यांचे काम आपल्याकडे घेतले; त्यामुळे पूर्वीच्या तशाच कॅमेऱ्यापेक्षा सुमारे ३०० सुटे भाग कमी लागले. कॅमेरा हलका झाला, स्वस्त झाला आणि सामान्य माणसाच्या हाती आला. कुटुंबाच्या सहली, वाढदिवस, लहान मुलांची पहिली पावले यांची जी छायाचित्रे १९८० च्या सुमारास जगभर निघाली, त्यांत या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. शिवाय काळ मोजण्याच्या कामात वीज स्प्रिंगेपेक्षा अधिक काटेकोर असते. म्हणून विजेच्या कॅमेऱ्याला नुसती नावे ठेवणे हा अन्याय होईल.

त्याची अडचण म्हातारपणी सुरू होते. एई-१ मधील सेल संपला की कळ दाबून काहीही होत नाही. कॅमेरा नुसता दगड. सेल नवा घालता येतो, ते खरे. पण चिप जळली तर? चिपच्या आत काय बिघडले हे डोळ्यांना दिसत नाही. भिंग लावूनही दिसत नाही. आणि कळले तरी उपयोग काय? ती चिप त्या एका कॅमेऱ्यासाठीच बनविलेली होती. तिचे कारखान्यातील साचे केव्हाच मोडीत निघाले. लेथवर चाक कातता येते, चिप कातता येत नाही. कंपन्या कॅमेरा बनविणे बंद केल्यावर काही वर्षे सुटे भाग शिल्लक ठेवतात. ते संपले की संपले. मग उरतो एकच मार्ग. दुसरा एखादा तसाच कॅमेरा, जो अन्य कारणाने निकामी झाला असेल, तो उघडून त्यातील चिप काढून घ्यावयाची. म्हणजे दोन कॅमेऱ्यांतून एक जगवावयाचा. हा हिशेब किती दिवस चालणार हे तुम्हांला सहज कळेल : जितके दिवस मोडके कॅमेरे मिळतील तितके दिवस.

दुसरी गोष्ट अशी, की विजेचा कॅमेरा मरताना पूर्वसूचना देत नाही. काल सायंकाळी तो उत्तम चालत होता, आज सकाळी बंद. यांत्रिक कॅमेरा म्हाताऱ्या माणसासारखा आधी कण्हतो, मग काठी घेतो. विजेच्या दिव्याचे तसे नसते. तो असतो तरी, किंवा नसतो तरी. अनेक कॅमेरे तर चिपमुळे नव्हे, तर मालकाच्या निष्काळजीपणामुळे जातात. सेल आत ठेवून कॅमेरा वर्षानुवर्षे पडून राहतो. सेल फुटून त्यातील क्षार बाहेर येतो आणि तारा व जोड खाऊन टाकतो. एवढे मात्र टाळणे आपल्या हाती आहे.

इथवर वाचून ‘यांत्रिक ते अमर आणि विजेचे ते क्षणभंगुर’ असे कोणी वहीत लिहून ठेवील, तर त्याने थोडे थांबावे. एई-१ ची सर्वांत प्रसिद्ध तक्रार विजेची नाहीच. या कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा असतो व छायाचित्र घेताना तो वर उचलला जातो. त्याच्या चाकांतील वंगण सुकले की प्रत्येक चित्राच्या वेळी ‘कुईं’ असा घरघरता आवाज येतो. छायाचित्रकार गमतीने म्हणतात, की कॅमेऱ्याला दमा झाला. योग्य जागी तेलाचा एक थेंब गेला की दमा बरा होतो! याशिका इलेक्ट्रोमध्येही वारंवार बिघडणारी वस्तू म्हणजे रबराचा एक चिमुकला तुकडा. तो कुजला की सारी व्यवस्था कोलमडते, आणि तेवढाच दुसरा तुकडा चिकटविला की ती सावरते. पुष्कळशा चिपा आपल्या जन्मदात्या कारखान्यांपेक्षा अधिक जगल्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

उलट, यांत्रिक कॅमेऱ्यांनाही परावलंबन सुटलेले नाही. १९६० नंतरच्या अनेक यांत्रिक कॅमेऱ्यांत प्रकाश मोजण्याची एक सुई असे आणि तिला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा लहान सेल लागे. पारा विषारी, म्हणून असे सेल बंद होत गेले, आणि अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्रीच थांबली. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला, तर पुष्कळ कॅमेऱ्यांची सुई चुकीचे सांगते. अर्थात सुई चुकली तरी शटर चालते. उन्हाचा अंदाज डोळ्यांनी घेणारा माणूस अशा कॅमेऱ्याने चित्र काढू शकतो. आणखी एक रोग दोघांनाही सारखाच होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चपला, पुस्तके यांच्यावर बुरशी येते ना, तशीच ती भिंगाच्या काचेवरही येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि वेळीच पुसले नाहीत तर काचेचा लेप कायमचा कोरला जातो. तेथे स्प्रिंग आणि चिप दोघीही निरुपयोगी.

ही अडचण कॅमेरे बनविणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना रणांगणावर, बर्फात, वाळवंटात जावे लागते. तेथे सेल संपला म्हणून हात चोळीत बसणे त्यांना परवडत नाही. जपानच्या निकॉन कंपनीने १९८० मध्ये ‘एफ-३’ हा विजेच्या शटरचा कॅमेरा काढला, तेव्हा त्यात विजेवाचून चालणारी एक छोटी तरफ ठेवली. सेल मेला तरी तिने सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाचे एक चित्र घेता येई. १९८२ च्या ‘एफएम-२’ मध्ये तर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंतचे सर्व अवधी निव्वळ यंत्राने साधले होते. सेल केवळ प्रकाश मोजण्यापुरता. आणि २००१ मध्ये त्याच कंपनीने ‘एफएम-३ए’ काढला. त्याच्या पोटात दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदत होत्या : वीज असेल तेव्हा वीज काळ मोजी, नसेल तेव्हा चाके. बैलगाडीला इंजिन लावले तरी बैल सोडू नयेत, असा तो शहाणपणा. पण तो फार उशिरा आला. तोपर्यंत फिल्मचेच दिवस सरत आले होते व २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

आतापर्यंत आपण यंत्राविषयी बोललो. दुरुस्ती करणारा माणूस बाजूलाच राहिला. खरे तर कठीण प्रश्न त्याचाच आहे. एम-३ चे चाक कातता येते, हे मी वर मोठ्या दिमाखाने लिहिले. पण ते कातणारा हात हवा ना? पडद्याचा पीळ किती द्यावा हे हाताला कळावे लागते, आणि ते कळण्यास वर्षे लागतात. मुंबईच्या फोर्ट भागात बोरा बाजार म्हणून एक गल्ली आहे. कॅमेऱ्यांची दुकाने तेथे दाटीने आहेत. अशा ठिकाणी जुन्या कॅमेऱ्यांवर वाकलेला एखादा कारागीर भेटला, तर त्याचे केस बहुधा पांढरे असतात. त्याच्या शेजारी शिकाऊ मुलगा बसलेला क्वचितच दिसतो. यांत्रिक कॅमेरा त्याच्या चाकांमुळे मरणार नाही; तो मेलाच, तर चाके ओळखणारा माणूस न उरल्यामुळे मरेल.

हे भय कल्पनेतले नव्हे. जपानमधील पेंटॅक्सच्या लोकांनी २०२२ च्या अखेरीस फिल्मचा नवा कॅमेरा बनविण्याचे जाहीर केले. फिल्म पुढे ओढणारी हाताची तरफ त्यांना हवी होती. एके काळी अशा तरफा याच कंपनीने लाखांनी केल्या होत्या. पण आता कारखान्यातील तरुण अभियंत्यांपैकी कोणी ती कधी केली नव्हती. शेवटी जुने नकाशे बाहेर काढावे लागले आणि निवृत्त झालेल्या अभियंत्यांना सल्ल्यासाठी बोलवावे लागले. तेव्हा कोठे २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा कॅमेरा निघाला. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता, तर कोणाला बोलाविले असते?

विजेच्या बाजूने एक आशेची बातमी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘पोलरॉइड एसएक्स-७०’ नावाचा, चित्र तेथल्या तेथे बाहेर टाकणारा कॅमेरा निघाला होता. त्याचे मूळ विद्युत परिपथ निकामी होऊ लागले, तेव्हा काही हौशी तंत्रज्ञांनी आजच्या साध्या, कोठेही मिळणाऱ्या भागांपासून त्याला नवा परिपथ तयार केला. आणि तो कसा केला हे लपवून न ठेवता सर्वांना मोकळेपणाने सांगितले. जुनी चिप पुन्हा बनविता येत नाही हे खरेच. परंतु ती काय काम करीत होती हे नीट समजले, तर ते काम दुसऱ्या चिपेकडून करून घेता येते. घड्याळजीने चाकांची भाषा वाचली, तशी या मंडळींनी विजेची भाषा वाचली. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एवढे कष्ट कोणी घेईल का, हे मात्र त्या कॅमेऱ्यावर किती लोकांचे प्रेम आहे यावर अवलंबून राहील.

कधी एखादा जुना कॅमेरा तुमच्या हाती आला, तर प्रथम फिल्म गुंडाळण्याची खुंटी हलकेच फिरवून पाहावी. ताण लागला तर आत फिल्म आहे असे समजावे आणि मागचे झाकण उघडू नये. नंतर सेलाची डबी उघडून सेल असल्यास काढावा. तरफ अडली तर जोर करू नये. पुष्कळ कॅमेरे आजाराने नव्हे, अशा जोराने मोडतात. यांत्रिक कॅमेरा असेल व त्यावर एक सेकंदाची खूण असेल, तर तो अवधी लावून कळ दाबावी आणि कान द्यावा. ‘खर्रर्र’ आवाज एकसारखा निघाला तर प्रकृती ठीक. मध्येच अडखळला तर वंगण सुकले आहे. विजेच्या कॅमेऱ्यात चांगला सेल घातल्यावर दोन ‘टक्’ ऐकू येतात व मध्ये शांतता असते. ती सेकंदभर टिकली की झाले. दुरुस्तीस नेण्याची वेळ आली, तर कारागीर झाकण काढताना शेजारी उभे राहण्याची परवानगी मागावी. हाताची सावली त्याच्या कामावर पडू देऊ नये, म्हणजे तो सहसा नाही म्हणत नाही.